झाकण उघडण्यात आले होते

लिलावात अकरा नग होते,
सिव्हिल लाइन्सच्या आमच्या नोंदणी शाखेत, मागच्या खोलीत.
मी सदतीस नंबरचा मागितला.
साहेब म्हणाले, गजभियेबाई, सगळे सारखेच.
सगळे सारखे नव्हते. सदतीसच्या कपाळावर
पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडा मीच काढला होता,
सातचं शेपूट थोडं ओघळलेलं.

सहाशे रुपये. पावती आहे.

सुगतनं मित्राकडून डबा आणला,
एका अंगाला काच, पुढे जाळी.
"आतलं सारं यात बसवू, आई. तो पत्रा लय तापते.
मे महिना आहे, मशीनलेही हवा लागते नं."
खिडकीत कूलरचा पंप गुरगुरतो, ओल्या वाळ्याचा वास,
आणि जुन्या डब्याचा पहिला स्क्रू
नऊ वर्षांनी सुटताना
एकदाच कुरकुरतो.

आत धूळ. शाखेचीच, ओळखीची,
रजिस्टरांच्या कडा झडून होते तशी तपकिरी.
प्रोसेसरवरची पेस्ट वाळून गेलेली,
खर्ऱ्याच्या पन्नीला चिकटलेला चुना जसा.
आणि पंख्याच्या पात्यामागे
झेंडूची एक पाकळी, कागद झालेली.

नवमीला शाखेत मशीनींची पूजा व्हायची.
मी दर वर्षी त्या दिवशी रजेवर.
दीक्षाभूमीच्या वाटेवर आमच्या मंडळाचा पाण्याचा स्टॉल,
रात्रीतून ड्रम भरायचे असत.
म्हणजे माझ्या माघारी, माझ्या टेबलावर,
कोणीतरी सदतीसलाही फूल वाहिलं.
कोण? शिपाई दवंडे, जे माझ्या हातचा चहा
कधी नाही म्हणाले नाहीत, कधी प्यायलेही नाहीत?
की ती नवी मुलगी, चार महिन्यांत सोडून गेली ती?

"आई, धर हे. कडेनं धर."
मी बोर्ड धरते, तव्यावरून उतरलेली भाकरी धरावी तसा.

सहा भोकांपैकी चार जुळली.
उरलेल्या दोन ठिकाणच्या पितळी खुंट्या काढल्या,
नाहीतर खालून टेकून शॉर्ट झालं असतं.
मागची पट्टी जुन्या डब्याचंच अंग निघाली,
ती करवतीनं कापली, माझ्या दातांतून आवाज गेला.
सप्लायची पिन चोवीसची, बोर्डाची आठची.
सीताबर्डीला मुश्ताकभाईंकडे जोडवायर मिळाली, साडेतीनशे.
म्हणाले, "कंपनीवाले लय हुशार, ताई.
त्यानं घर बदलू नये म्हणून
सारंच आपल्या मापाचं करून ठेवतात."

बटणाच्या तारा काही केल्या बसेनात.
शेवटी सुगतनं स्क्रूड्रायव्हरचं टोक
दोन पिनांना टेकवलं, मान मागे घेऊन,
जणू फटाक्याची वात.

पंखा फिरला.

मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.
इंग्रजीत होती, मी मनात शासकीय मराठीत केली,
एकतीस वर्षांची सवय:
पुढील पंखा आढळून येत नाही.
यापूर्वी झाकण उघडण्यात आले होते.
पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबावे.

इतका नेमका शेरा
आमच्या शाखेत कोणाला जमला नव्हता.
उघडण्यात आले होते. कोणी, ते नाही. का, ते नाही.
फक्त नोंद.

"दहा रुपयांची क्लिप लावली का बंद होते हे," सुगत म्हणाला.
राहू दे, म्हटलं.
रोज सकाळी ते मला सांगतं, मी एफ-वन दाबते,
मस्टरवर सही करावी तशी, आणि मग आमचं काम सुरू.
पेन्शनची कागदं, मंडळाचा हिशेब,
कधी नुसताच पत्त्यांचा डाव.

रिकामा पत्रा भंगारवाल्यानं नेला,
सदतीस आकड्यासकट, पावणेचार किलो भरला.
उचलताना त्यानं हलवून पाहिला.
"आत काही राहिलं नाही नं, बाई?"

नाही म्हणाले.
पाकळीची नोंद लिलावाच्या यादीत नव्हतीच.
ती पावतीच्या घडीत आहे.